वजनापुरते नारळ

पार्से गावात सायकली दुरुस्त करणारा एक जण आहे. गिऱ्हाईक आलं की तो आधी मोठ्याने विचारतो, "वजन कितलां रे? खरां सांग, सोयरीक नाय जुळवूची!" पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या फोर्कमध्ये हवा वजन बघूनच भरायची असते. हवा माणसाला पेलते, आणि दबलेला फोर्क उसळताना तेल त्याला आवरतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा; एवढं मला कळतं. पण माझ्या फोर्कमधलं तेल गळून गेलं आणि दगडी उतारावर सायकलने मला उडवलं. तेव्हापासून उतार आला की मी चालायचो.

शेवटी सायकल त्याच्याकडे नेली. त्याने तेल घातलं, माझ्या वजनाची हवा भरली आणि म्हणाला, "बस." मी बसेना.

तो माझ्यापेक्षा बराच हडकुळा. शेजारच्या नारळवाल्याच्या काट्यावर तो पोतं घेऊन उभा राहिला आणि काटा माझ्या वजनाला येईपर्यंत पोत्यात नारळ टाकत राहिला. मग पोतं पाठीला बांधून तो माझ्याच सायकलने उतारावरून सुसाट गेला.

सायकल ढकलत, धापा टाकत तो वर आला आणि पोत्यावर थाप मारून मला म्हणाला,

"तू खाली पावलंस मरे! जालां कांय तुका?"

मी हसत टांग टाकली आणि सायकल उताराला लावली.