कापसावर उजवा पाय

रेडिओवर सांगितलं की बंगालच्या उपसागरातलं वादळ कमजोर पडलंय. झालं! आमच्या यजमानांना तेवढंच हवं होतं. नाचणगावभर फिरून तेच सगळ्यांना समजावून आले. मी म्हटलं, "आभाळ पाहा जरा. समोरच्या खोलीतला कापूस माळ्यावर टाका." तर म्हणतात कसे, "कमजोर हाय ते. काऊन भेवून राह्यली?"

दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला की आमच्याकडे समोरची खोली त्याची, माणसांनी मागे सरकायचं. सासूबाई रोज सकाळी ढिगाला हात जोडायच्या. त्याला कुणाचा पाय लागला की संपलंच!

ते कमजोर वादळ दुसऱ्या दिवशी आलं आणि दुपारी नाला आमच्या अंगणात. मग काय पळापळ यजमानांची! गाठोडी बांधून कापूस माळ्यावर फेकत सुटले. निम्म्याने माळा भरला, निम्मा भिजला. तेवढ्यात मागच्या खोलीची मातीची भिंत धाडकन बसली. आता माळा सोडून जागाच नव्हती. मी आधी चढले. यजमान मांडीइतक्या पाण्यात शिडी धरून म्हणाले, "माय, चढ लवकर."

सासूबाई बाजेवर उभ्या होत्या, पाणी घोट्याला लागलेलं. म्हणाल्या, "लक्ष्मीवर पाय नाई ठेवत मी. मले राहू दे इथंच."

वादळाला भीक न घालणारा माणूस आईपुढे रडकुंडीला आला. हात जोडले, पाया पडले, पण म्हातारी हलेना. बाज हलायला लागली. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"आत्याबाई, मी या घरात आली तवा मापाले पाय तुम्हीच लावाले लावला न? ते तांदूळ काय भुसा होते?"

"तू नवरी होती वं."

"मंग तुम्ही बी व्हा! उजवा पाय टाका अन् नाव घ्या. त्याशिवाय वर घेत नाई मी."

बोलले आणि जीभ चावली. मेलं माझं तोंड! सासरे गेले तेव्हा यजमान रांगत होते. तेव्हापासून त्या बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, नाव घे म्हणणं तर लांबच.

 सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या शिडी चढल्या. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी उखाण्यात सासऱ्यांचं नाव घेतलं, अगदी खणखणीत, लाजत.

बापाचं नाव आईच्या तोंडून यजमान जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. डोळे पुसायला त्यांनी हात सोडला, तशी शिडी हलली.

"अवो, मंग रडजा, शिडी धरा पहिले!" मी वरून ओरडले.

सासूबाई हसल्या. माझा हात धरून त्यांनी उजवा पाय कापसावर ठेवला.