तपकिरी ठिपके

चौसष्टाव्या वर्षी मी इतकी अल्लड होते, की मायक्रोस्कोपखाली तपकिरी ठिपके पाहिले आणि तिथूनच सुनेला फोन करून माझं शिलाई मशीन देऊन टाकलं. नातवंडं अजून हसतात.

माझ्या लहान आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. तिचे काप तपासणारी डॉक्टर घोडबंदर रोडला आमच्याच इमारतीत राहते. लिफ्टमध्ये भेटली की हातात कोथिंबिरीची जुडी आणि तोंडात अर्धं वाक्य. "काय काकू, बरं आहे ना, म्हणजे तसं..." एवढ्यात तिचा मजला येतो. उगाच धीर ती कधी देत नाही. मला तेव्हा त्याचीच धास्ती वाटायची.

त्या दिवशी मी रिपोर्ट विचारायला लॅबमध्ये गेले, तेव्हा तिने मायक्रोस्कोपसमोरचं स्वतःचं स्टूल मला दिलं आणि म्हणाली, "बघा तुम्हीच, म्हणजे..." मी पाहिलं तर जिकडेतिकडे तपकिरी. वाटलं, पसरला आजार. लगेच तो फोन केला.

फोन ठेवला तेव्हा ती हसत नव्हती. पहिल्यांदाच तिने वाक्य पुरं केलं.

"मशीन परत मागा, काकू. तपकिरी दिसतंय ते आम्ही रंग लावून शोधलेलं, गाठीला आवर घालणारं प्रोटीन आहे, काही गाठींत ते नाहीसं होतं, तुमच्यात अजून जागेवर आहे. उपचार करायचेच आहेत, पण शिवायला घेतलेलं काही अर्धं ठेवू नका."