जप्तीची कळशी

मुलांनो, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बसस्टॉपवर मांडीत तांब्याची कळशी घेऊन बसलेला तो आरोपी माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये वॉटफर्डला पोलीस सार्जंट होते. एका लिलावघरातून फोन आला: एक म्हातारा कळशी उचलून चालता झालाय आणि समोरच बसची वाट बघतोय. इतका सोपा तपास मला पुन्हा मिळाला नाही.

ऐंशीच्या घरातले गृहस्थ. झडतीत खिशात नोटांची चांगली जाड घडी सापडली. कळशी एका इंग्रज बाईंनी लिलावाला ठेवली होती. त्यांचे आजोबा हिंदुस्थानात महसूल खात्यात साहेब होते. शेतसारा भरायला नकार देणाऱ्या घरातून ती जप्त झाली होती.

जबाब सुरू झाला. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मराठीच ना?"

"रेकॉर्डिंग चालू आहे, काका. इंग्रजीत बोला."

"बरं, मॅडम!"

कळशीच्या गळ्यावर नाव आणि गाव कोरलेलं होतं. मी विचारलं, "हे तुमचे आजोबा?"

"छे. आमच्या शेजारच्या गावचं कुणीतरी."

"मग नेलीत कशाला?"

"त्यांची त्यांना द्यायला."

मला पटेना. तेवढ्यात ती नोटांची घडी आठवली. "पैसे होते, तर बोली का लावली नाहीत?"

गुन्हा मीच केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जप्तीच्या भांड्यावर बोली? साऱ्या पंचक्रोशीनं शपथ घेतली होती. सरकारी माणसं चावडीपुढे भांडी मांडायची आणि लोक गप्प उभे राहायचे. माझ्या आजीनं मडक्यांत संसार केला, पण लिलावातलं भांडं घरात आणलं नाही. आता मी इथे हात वर करू?"

मी त्यांना ताकीद देऊन सोडणार होते. कोर्ट टळलं असतं, पण त्यासाठी त्यांनी चोरीच्या कबुलीवर सही करायला हवी होती.

बाहेर त्यांची मुलगी रडकुंडीला आली होती. "बाबा, जस्ट साइन कर ना! क्रिमिनल रेकॉर्ड झाला तर कॅनडाचा व्हिसा कसा मिळणार? दादाचं बाळ बघायचंय ना तुला?"

"नेली म्हणून सही करतो. चोरली म्हणून नाही."

शेवटी मी मालकीणबाईंना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी कळशी उचलून काकांपुढे धरली. मग म्हणाल्या, "माझी तक्रार नाही. ही तुम्हाला माझ्याकडून भेट."

काका मागे सरले. "मला नको, माझी नाही ती. आणि ज्यांची आहे त्यांनाही भेट म्हणून देऊ नका. परत करा."

बाईंनी मला विचारलं, "त्या गावाला पार्सल जातं का?"

पुढची कारवाई थांबली. कायद्यानं ती चोरीच होती, हे मी आजही म्हणेन. पण करबंदीची चळवळ मी शाळेत परीक्षेपुरती पाठ केली होती. ती चालवणं किती कठीण असेल, हे मला ठाण्यात कळलं. नातवंड बघायला मिळणार नाही अशी वेळ आली, तरी तो माणूस शेजारच्या गावच्या कळशीसाठी सही न करता बसून राहिला.