पालीतल्या भिंतीवरचा माझा फोटो

मंडळी, आज पालीला एका घरी गेलो होतो. भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो. सन शहाऐंशीत, पूजेच्या दिवशी, मीच काढलेला.

तेव्हा आजोबांचा पुतण्या दुबईहून नवा कॅमेरा घेऊन आला होता. माझ्या जुन्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हा डबा ठेवा हो आता!" त्याचा अख्खा रोल कोरा निघाला. मग गुपचूप माझ्याकडूनच हा फोटो घेऊन गेला.

आज नातू कौतुकाने सांगत होता, "काकांच्या फॉरेनच्या कॅमेऱ्यातला आहे!" काका म्हणजे तोच पुतण्या, समोरच बसले होते. नुसते हसले.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण गेलो होतो त्यांच्याकडच्या लग्नाच्या फोटोंचं काम मागायला. गप्प बसलो, काम मिळालं.

तुम्ही बोलला असतात?