हिरवा ठिपका

माझ्या वह्यांना सुकटीचा वास यायचा. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन चौलच्या वाड्यांमधून फिरायची. खोली एकच. एका कोपऱ्यात बारके खेकडे वेचून निवडायचा जवळा, दुसऱ्यात माझा अभ्यास. त्यातून मी बीएस्सी झाले, लॅबचा कोर्स केला. घराण्यात पहिली. अलिबागच्या लॅबमध्ये लागले तेव्हा मान ताठच होती. तो ताठा आपाने पहिल्याच आठवड्यात उतरवला.

आपा बोर्ली पंचतनची, नववी नापास. लहानपणी लोकांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायची, लॅबमध्ये आली ती काचा धुवायला. पण डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपमधून समोरासमोर बसून दोघांना बघता यायचं, आणि पलीकडचं स्टूल आपाचं होतं. डॉक्टर अडले की हाक यायची, "आपा, जरा या." पदवी माझी, हाक तिला. मला ते स्टूल हवं होतं. खरं सांगते, ती आजारी पडावी असंही एकदोनदा मनात आलं.

पेशींची नावं तिला ऐकून पाठ होती, पण बोलायची आपल्याच भाषेत. इओसिनोफिलचे तांबूस दाणे म्हणजे माशाच्या अंड्यांची गाबोळी, लिम्फोसाइट म्हणजे काळी मिरी. मी एकदा पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. तिने शांतपणे ऐकली. "छान. आता काचेत दाखव." मला पाच मिनिटं लागली.

तिची एक रीत होती. आधी लहान भिंगाखाली काचेवरच्या मांसाच्या तुकड्याच्या कडेकडेने पूर्ण फेरी, मगच मोठं भिंग. "आधी कुंपण फिरून ये बेटा, मग वाडीत शिर." काही सापडलं की काचेवर हिरव्या पेनाने ठिपका. मला ती फेरी म्हणजे अडाण्याचा वेळकाढूपणा वाटायचा.

मग एका मुलीच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला. मुलगी माझ्याच वयाची. मी थेट मोठं भिंग लावलं. पूच्या पेशी खच्चून भरलेल्या. वहीत लिहिलं, साधा पू. आपाने स्लाइड घेतली, फेरी मारली, कोपऱ्यात ठिपका दिला आणि काच गुपचूप माझ्याकडेच सरकवली. ठिपक्याखाली पेशींचा गोल घोळका, मध्ये एक भलीमोठी पेशी, तिची केंद्रकं कडेने घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. क्षयाची खूण. वहीतलं 'साधा पू' मी खोडलं.

"डॉक्टरांना तूच दाखव," आपा म्हणाली. "जवळा निवडणारे हात तुझे, आणि कोपऱ्यातलं खेकडं दिसलं न्हाय?"

जवळ्याचं मी लॅबमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. आई एकदा डोक्यावरच्या टोपलीसकट डबा द्यायला आली होती, तेवढ्यावरून आपाने ओळखलं असणार.

मी स्लाइड दाखवली. डॉक्टरांनी बघून मान डोलावली. "बरोबर. ठिपका आपांचा ना?" मी हो म्हटलं. तिने चारचौघांत माझी चूक काढली असती तर बरं झालं असतं. तिचा राग तरी धरता आला असता.

दोन वर्षांनी आपा लेकाकडे मस्कतला गेली. पेनही घेऊन गेली. मी नवं आणलं, हिरवंच. "आपा असत्या तर," असं डॉक्टर अजून म्हणतात, आणि मला अजून झोंबतं. पण फेरी मी रोज मारते.

गेल्या महिन्यात माझा ठिपका असलेली स्लाइड डॉक्टरांनी बघितली आणि रिपोर्टात क्षय लिहिला. ठिपका कोणाचा, ते विचारलं नाही. पलीकडच्या स्टुलावर आता मी बसते.