मनोहरने माझ्या डब्यात हात घातला ती दुपार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही ना त्याला ओळखता, ना मला—म्हणून असेल. भित्रा माणूस अशीच जागा शोधतो.

मी तापट. राजापेठेत आमचं घर होतं, आणि भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जातं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण तापट माणूस भडकतो आणि विझतो. त्या दुपारी मी भडकलो नव्हतो—सांगायचं आहे ते हेच.

मनोहर माझा मेहुणा, माझ्या बायकोचा—कुसुमचा—धाकटा भाऊ. अकोल्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. साठच्या दशकातली गोष्ट. आम्हा दोघांनाही रेकॉर्डींचं वेड. सुईतून निघणारा आवाज इतका क्षीण असतो, की तो थेट अँप्लिफायरला दिला तर नुसती कुजबुज ऐकू येते. मध्ये प्रीअँप्लिफायर लागतो. आम्ही त्याला ‘डबा’ म्हणायचो आणि आपापला डबा स्वतः बांधायचो—पत्र्याचं खोकं, वर व्हॉल्व्ह, खाली तारांचं जंजाळ. मग कुणाचा सरस ते पाहायला मनोहर गाडीनं यायचा, टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन.

परीक्षा चादरीआड व्हायची. रेकॉर्ड तीच, स्पीकर तोच, फक्त मधला डबा बदलायचा. चादरीपलीकडे बसलेल्या शेजाऱ्यांनी आणि कुसुमनं सांगायचं, पहिला की दुसरा.

आमचा एक नियम होता. प्लग काढला तरी अशा डब्यात वीज उरते. कंडेन्सर ती धरून ठेवतात. म्हणून प्लग काढणाऱ्यानं लाकडी मुठीचा पेचकस टेकवून ती उडवायची आणि मोठ्यानं म्हणायचं—‘ठंडा’. ते ऐकल्यावरच दुसऱ्यानं आत हात घालायचा.

त्या दुपारी एका बाईंचा ख्याल लावला. आधी माझ्या डब्यातून. छान वाटला. मग त्याच्या डब्यातून, आणि—काय सांगू? मागचा तानपुरा, जो माझ्याकडे कधी ऐकूच आला नव्हता, समोर येऊन बसला. बाई श्वास घेतात तेही कळलं. मला ते आवडलं. अजून दात आवळले जातात हे लिहिताना—मला ते फार आवडलं.

“दुसराच चांगला,” कुसुम पलीकडून म्हणाली. “पयल्यात तं त्या बाईच्या तोंडात कोनं बोळा कोंबला असं वाटून राह्यलं.”

सगळे हसले. मनोहर मात्र हसला नाही. हसला असता तर मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली असती आणि तिथंच मिटलं असतं. मी चादरीआड उभा राहून त्याच्या नाकाकडे पाहत होतो. ते ठोसा मारून चेचावं, दात त्याच्या घशात घालावेत, असं मनात चाललं होतं.

लोक गेले. कुसुम चहा ठेवायला आत गेली. मी प्लग काढला, मनोहरनं माझा डबा उलटा केला.

“भाऊजी, तुमच्यात फक्त घुरघुर हाये. अर्थिंगची तार चुकली असन. मी काढून देतो, मंग पाहा, तुमचाच वरचढ राहीन.”

हरण्यापेक्षा ही दया मला जास्त झोंबली. पेचकस माझ्या हातातच होता. मी तो टेकवला नाही. आणि म्हणालो—“ठंडा.”

विसरलो होतो का? तसं स्वतःला पटवून पाहिलं मी, कितीदा तरी. नाही. मला माहीत होतं. त्याचा हात भाजायला हवा होता, त्यानं किंचाळायला हवं होतं, आणि ते कुसुमच्या कानावर पडायला हवं होतं.

त्यानं डाव्या हातानं पत्रा धरला, उजवा आत घातला. कडाड्‌कन ठिणगी उडाली आणि तो मागे फेकला गेला. दगडी उंबरठ्यावर डोकं आपटलं. उजव्या कानातून रक्त आलं, टाचा फरशीवर आपटत राहिल्या. कुसुम किंचाळत आली. मी उभाच. आणि खोटं कशाला बोलू—क्षणभर मला बरं वाटलं.

त्याला दवाखान्यात ठेवून मी कपडे न्यायला घरी आलो. त्याचा डबा तिथंच होता, धड. स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि तो डबा ठेचला. व्हॉल्व्हच्या काचा तळव्यात घुसल्या, तरी पत्रा सपाट होईपर्यंत ठेचत राहिलो. कुसुमला सांगितलं, तो पडला तेव्हा डबाही पडून फुटला, तुकडे मी फेकून दिले.

मनोहर वाचला. उजवा कान कायमचा गेला. त्या दुपारचं त्याला काहीच आठवेना. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, “भाऊजी, तुमी ठंडा म्हनले होते का?”

कुसुम शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “नाही. तू थांबलाच नाही.”

त्यानं माझा हात धरला. चुकलं माझं, म्हणाला, तुमाले उगाच तरास. पुढं कितीतरी वर्षं कुसुम त्याला घाईखोर म्हणून रागवायची आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मी तिथंच बसलेला असायचो.

रेकॉर्डी ऐकणं त्यानं सोडलं. एका कानानं तानपुरा गाण्यापासून सुटा होत नाही, म्हणाला. साऱ्या रेकॉर्डी वाटून टाकल्या. त्या ख्यालाची मला दिली. मी घेतली.

अजून अकोल्याला गेलो की तो उठतो, स्वतःची खुर्ची फिरवतो आणि मला डाव्या बाजूला बसवतो. भाऊजींचा एक शब्दही सुटू नये म्हणून. मी बसतो. उन्हाबद्दल बोलतो, कपाशीबद्दल बोलतो.