भाऊ रहिवासी झाला असता

कंपन्यांच्या करसवलतींवर मी इतकी पत्रकं वाटली आहेत, की बोर्ली पंचतनच्या बाजारात मला बघितलं की पत्रक घ्यावं लागू नये म्हणून लोक आधी हात खिशात घालतात. त्या पत्रकांत जे कधी आलं नाही, ते आमच्याच घरात घडलं.

त्या वर्षी अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. थोरला भाई आखातात नोकरीला. उन्हाळ्यात तो येऊन राहून गेला, आणि हिवाळ्यात तिथलं काम थंडावलं तसा लांब रजेवर पुन्हा आला. दर जुम्म्याला सकाळी अब्बांना अंघोळ घालायची, दाढी कातरून नीट करायची, हे त्याचं काम. माझ्या हातचं अब्बांना चालत नसे. "हा दाढी करताना भाषण देतो," म्हणायचे.

फेब्रुवारीच्या अखेरीस भाईने बॅग काढली. रजा शिल्लक होती.

"मग चाललास कशाला?" मी विचारलं.

"दोन्ही खेपा धरून सहा महिने भरत आलेत. टॅक्सचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्याच्या आत ते ओलांडले तर आपण इथले रहिवासी. मग तिकडच्या पगारावर इथे टॅक्स."

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे."

खरंच होतं. आमच्या किनाऱ्यावर हा नियम मशिदीच्या पायऱ्यांवर शिकतात. लग्नं, बाळंतपणं, घराचा स्लॅब, सगळं त्यात बसवतात.

मी तापलो. "घेऊ दे की टॅक्स! बुडवतात त्या कंपन्या. आपण कशाला पळायचं?"

"लीडर, आधी पगार मिळव, मग बोल. हे घर तुझ्या पत्रकांवर नाही चालत."

माझ्याकडे घोषणा होती. त्याला हिशेब हवा होता.

खाटेवरून अब्बा म्हणाले, "जाऊ दे रे त्याला. मला मोजायला आले तर अर्धाच धरतील."

भाई हसत गेला. मार्च संपायच्या आत अब्बा गेले. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. सकाळी गेले, उतरत्या दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. भाईने जनाजा फोनवर पाहिला. त्याच्या जागी खांदा मावसभावाने दिला.

पुढच्या सुट्टीत, ठेवीच्या व्याजावर कापलेला कर परत मागायला आम्ही दोघे अलिबागला एका करसल्लागाराकडे गेलो. काम झाल्यावर भाईने सहज विचारावं तसं विचारलं, सहा महिने ओलांडले असते तर?

"काही नाही. रहिवासी झाला असतात," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसाने तिकडे कमावलेला, तिकडेच हातात आलेला पगार इथे करात धरत नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

परतीच्या एसटीत भाई बोटांवर त्या मार्चचे दिवस मोजत होता. माझं डोकं पुन्हा कंपन्यांकडे वळलं. परदेशातली कंपनी इथली धरायची की नाही, हे ठरवताना तिचे मोठे निर्णय कुठे होतात ते बघतात. मग तिचे सल्लागार बैठकच दुसऱ्या देशात भरवतात, आणि कंपनी जागची हलत नाही. माणसाला मात्र स्वतःचा देह उचलून न्यावा लागतो, बापाच्या खाटेजवळून. कंपनीला विचारायला दहा सल्लागार असतात. आम्हाला मशिदीच्या पायऱ्या. आणि ज्या कायद्याने आमचं घर हललं, तो आमच्या बोलीत कोणी एका पानावर छापला नाही. मीसुद्धा नाही.

घरी पोचल्यावर मी लिहायला बसलो. अब्बांची खाट, जनाजा, फोन, सगळं आलं त्यात. भाईने वाचलं आणि अर्धं पान खोडलं.

"माझं काही टाकू नकोस. पायऱ्यांवर बसणाऱ्यांना वाचून रडायचं नाहीये, त्यांना तिकीट काढायचं असतं. एवढंच लिही, की बरीच वर्षं बाहेर असाल आणि घरात कोणी आजारी असेल, तर निघायच्या आधी एकदा सल्लागाराला विचारा. राहिलात तरी चालत असेल."

पत्रक तेवढंच छापलं. पुढच्या जुम्म्याला मी ते पायऱ्यांवर वाटलं. भाई आत गेला नव्हता. चपलांजवळ उभा राहून कोण घेतं, कोण घेत नाही, ते बघत होता.